जमिनीखालचं रोम : पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या खुणा कशा आणि कोणत्या क्रमाने पाहाव्यात

युरोपच्या सहलीत रोमच्या वाट्याला बहुधा दीड-दोन दिवस येतात. कलोसियमसमोर फोटो, त्रेवीच्या कारंज्यात नाणं, सेंट पीटर्सची रांग आणि सिस्टीन चॅपेलमध्ये मान अवघडेपर्यंत वर बघणं. या सगळ्यात ख्रिस्ती धर्म भरपूर दिसतो, पण तो जम बसलेला, पैसा आणि सत्ता हाती आलेला. आजचं सेंट पीटर्स चर्च १६२६ साली पूर्ण झालं, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या जेमतेम चार वर्षं आधी. येशूनंतरची पहिली तीन-चार शतकं, जेव्हा या लोकांकडे प्रार्थनेसाठी धड स्वतःची इमारतही नव्हती, त्यांचा माग तिथल्या संगमरवरात लागत नाही. त्यासाठी जमिनीच्या खाली उतरावं लागतं, आणि जुन्या तटबंदीच्या बाहेर जावं लागतं.

माझा आग्रह क्रमाबद्दल आहे. आधी टिंगल, मग थडगी, मग भव्य प्रार्थनास्थळं, याच क्रमाने इतिहास घडला आणि याच क्रमाने पाहिला तर त्याची संगती लागते. उलट्या क्रमाने, म्हणजे सेंट पीटर्सपासून सुरुवात केली तर कॅटॅकोम्बमधली, म्हणजे जमिनीखाली खणलेल्या दफनभूमींतली, साधी चित्रं पोरकट वाटायला लागतात. खाली दिलेली आखणी तीन दिवसांची आहे. हाती एकच दिवस असेल त्यांच्यासाठी शेवटी वेगळं लिहिलंय.

निघण्याआधी डोक्यात एवढं असू द्या

फार वाचन करायची गरज नाही, पाच-सहा सनावळ्या पुरतात. इ.स. ६४ मध्ये रोमला मोठी आग लागली आणि सम्राट नीरोने तिचं खापर ख्रिस्ती लोकांवर फोडलं. टॅसिटस या रोमन इतिहासकाराने ही हकिकत लिहून ठेवली आहे. त्यानंतरची अडीचशे वर्षं छळ सतत चालू होता असं नाही. मध्येमध्ये लाटा येत. २५० मध्ये डेसियस, २५७-२५८ मध्ये व्हॅलेरियन आणि ३०३ पासून डायोक्लेशियन या सम्राटांच्या काळातल्या लाटा मोठ्या. ३१३ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने धर्मपालनाची मोकळीक दिली आणि ३८० मध्ये सम्राट थिओडोसियसने हाच साम्राज्याचा धर्म ठरवला. कुठलीही वास्तू बघताना पहिला प्रश्न हाच विचारायचा : ही ३१३ च्या आधीची की नंतरची?

दोन गैरसमज मात्र इथेच सोडून निघा. एक, ख्रिस्ती लोक कॅटॅकोम्बमध्ये लपून राहायचे. तसं नव्हतं. ती दफनभूमी होती, तिच्या जागा अधिकाऱ्यांना ठाऊक होत्या, आणि हजारो प्रेतांच्या सान्निध्यात, हवा नसलेल्या बोळांत संसार थाटणं कुणालाच शक्य नव्हतं. दुसरा, नीरोने ख्रिश्चनांना कलोसियममध्ये सिंहांपुढे टाकलं. नीरोच्या काळात कलोसियम बांधलंच नव्हतं. ते खुलं झालं इ.स. ८० मध्ये. नीरोचा छळ झाला तो टायबर नदीपलीकडे, त्याच्या बागांमध्ये, आज जिथे व्हॅटिकन आहे त्या भागात. गटातले काही गाइड अजूनही जुनीच गोष्ट रंगवून सांगतात. ऐकून घ्यावी आणि पुढे चालावं.

आरक्षण : कुठलं आधी, कुठलं ऐनवेळी चालतं

सगळ्यांत आधी हात घालायचा तो सेंट पीटर्सच्या खालच्या प्राचीन दफनभूमीच्या परवानगीला. तिथे याला ‘स्काव्ही’, म्हणजे उत्खनन, म्हणतात. दिवसाला जेमतेम अडीचशे लोकांना, बारा-पंधराच्या गटांत सोडतात. व्हॅटिकनच्या उत्खनन कार्यालयाकडे थेट अर्ज करायचा आणि त्यात प्रत्येकाचं पूर्ण नाव, कुठल्या भाषेतली फेरी हवी, कोणकोणत्या तारखा चालतील हे लिहायचं. एकच तारीख देऊ नका, रोममधले तुमचे सगळे दिवस द्या. पंधरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही, त्यामुळे लहान मुलं असतील तर आईवडिलांनी आळीपाळीने जायचं ठरवावं. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. तारखा पक्क्या झाल्या की पहिला मेल स्काव्हीला करा, हॉटेल नंतर.

कॅटॅकोम्बसाठी एवढी धावपळ नाही. तिकीट साधारण दहा युरोच्या आसपास असतं आणि त्यात गाइड धरलेला असतो. एकट्याने फिरायला बंदी आहे. पण कोणतं कधी बंद हे पाठ करून ठेवा, कारण प्रत्येकाची साप्ताहिक सुट्टी वेगळी : प्रिसिल्ला सोमवारी, दोमितिल्ला मंगळवारी, सान कालिस्तो बुधवारी, सान सेबास्तियानो रविवारी. दुपारी बारा ते दोन सगळीकडे सामसूम. हिवाळ्यात प्रत्येक कॅटॅकोम्ब काही आठवडे पूर्ण बंद असतं, त्यामुळे डिसेंबर ते फेब्रुवारीत जाणार असाल तर संकेतस्थळ बघितल्याशिवाय निघू नका.

चर्चेसना तिकीट नसतं. मात्र बरीचशी दुपारी साडेबारा-एकच्या सुमारास बंद होतात आणि तीन-साडेतीनला उघडतात. आपल्याकडच्या माणसाला हे पचत नाही. बंद दारासमोर उन्हात तासभर बसलेले पर्यटक रोममध्ये रोज दिसतात.

पहिला दिवस : एक टवाळीचं चित्र आणि तीन मजल्यांचं चर्च

सुरुवात पॅलेटाइन टेकडीवरून करा. कलोसियम, फोरम आणि पॅलेटाइन यांचं तिकीट एकत्र असतं, पण टेकडीवरचं छोटं संग्रहालय सगळ्या प्रकारच्या तिकिटांत बसत नाही. तिकीट काढतानाच ते आहे का बघून घ्या. त्या संग्रहालयात भिंतीच्या गिलाव्याचा एक तुकडा आहे. बहुतेक लोक त्याच्यासमोरून न थांबता जातात. त्यावर कुणीतरी अणकुचीदार वस्तूने ओरखडून चित्र काढलंय : क्रुसावर टांगलेला माणूस, त्याला डोकं गाढवाचं, आणि खाली हात वर केलेला एक मुलगा. शेजारी वेड्यावाकड्या ग्रीक अक्षरांत लिहिलंय, ‘अलेक्सामेनोस देवाची पूजा करतो’. साधारण इ.स. २०० च्या आसपासचं हे चित्र १८५७ मध्ये राजवाड्यातल्या सेवक-मुलांच्या वास्तूत सापडलं. म्हणजे एका पोराने दुसऱ्या पोराची केलेली टिंगल. क्रुसावरच्या येशूच्या जगातल्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी एक आज आपल्याकडे आहे ते टवाळखोराच्या हातचं. शेजारच्या खोलीत वेगळ्या अक्षरात ‘अलेक्सामेनोस निष्ठावान’ अशीही ओळ सापडली. ती त्यानेच उत्तरादाखल लिहिली असं मानायचा मोह होतो, पण पुरावा नाही.

इथे दहा मिनिटं नीट थांबा. त्या काळी क्रूस ही गुन्हेगाराला द्यायची लाजिरवाणी शिक्षा होती, हे या एका ओरखड्यातून जसं समजतं तसं पुस्तकातून समजत नाही. उद्या कॅटॅकोम्बमध्ये तुम्हाला क्रुसावरचा येशू जवळजवळ दिसणारच नाही. त्याचंही कारण इथेच कळतं.

दुपारनंतर सान क्लेमेंते. कलोसियमपासून पायी पाच-सात मिनिटं. बाहेरून अगदी साधं, रस्त्याच्या कडेचं चर्च. वर आहे ती बाराव्या शतकाची वास्तू. तिच्या अर्धगोल घुमटीतलं मोझेक (बारीक रंगीत तुकडे जडवून केलेलं चित्र) आधी शांतपणे बघून घ्या, वेलीच्या गुंडाळ्यांमध्ये उगवलेला क्रूस, ते फुकट आहे. मग तिकीट काढून जिना उतरा. आयरिश डॉमिनिकन धर्मगुरू जोसेफ मलूली यांनी १८५७ मध्ये इथे खणायला सुरुवात केली आणि खाली चौथ्या शतकातलं अख्खं चर्च सापडलं. वरच्या चर्चचा भार पेलायला मध्ये भिंती घातल्या आहेत, त्यामुळे ते एकसंध दिसत नाही. मनातल्या मनात त्या भिंती काढून टाकाव्या लागतात.

या मजल्यावर अकराव्या शतकातलं एक भित्तिचित्र आहे. ते चुकवलंत तर तिकिटाचे अर्धे पैसे फुकट गेले असं समजा. सिसिनियस नावाच्या सरदाराला संशय की संत क्लेमेंट, म्हणजे ज्याच्या नावाचं हे चर्च तो सुरुवातीच्या काळातला पोप, आपल्या बायकोला नादी लावतोय. तो नोकरांना फर्मावतो, याला बांधा आणि फरफटत न्या. पण नोकरांची दृष्टी फिरते आणि ते क्लेमेंट समजून एका दगडी खांबाला दोर बांधून ओढत बसतात. चित्रात तीन नोकर, एक आडवा खांब, आणि सिसिनियसच्या तोंडचे शब्द चित्रातच लिहिलेले : ‘ओढा रे’, आणि त्याच्या आधी एक सणसणीत आईवरची शिवी. बोली इटालियनच्या सर्वांत जुन्या लिखित नमुन्यांत ती शिवी गणली जाते, आणि ती चर्चच्या भिंतीवर आहे. संत क्लेमेंटचे शब्द मात्र शुद्ध लॅटिनमध्ये.

आणखी एक जिना खाली गेलात की पहिल्या शतकातली गल्ली लागते, दोन रोमन इमारतींच्या मधली. एका इमारतीत मिथ्र देवाचं मंदिर आहे : लांबट खोली, दोन्ही बाजूंना दगडी बाक, मध्ये बैल मारणारा मिथ्र कोरलेली वेदी. कुठूनतरी वाहत्या पाण्याचा आवाज येत राहतो, ते जुन्या रोमन गटारातलं पाणी. इथे पहिल्या ख्रिश्चनांचं घरातलं प्रार्थनास्थळ होतं, असं परंपरा सांगते. घरात प्रार्थना होत असे हे खरं, पण याच घरात होत असे हे उत्खननातून सिद्ध झालेलं नाही. रोममधल्या बऱ्याच जुन्या चर्चेसबद्दल हीच कथा सांगतात. प्रत्येक वेळी हा फरक ध्यानात ठेवा. खालच्या मजल्यांवर फोटो काढू देत नाहीत.

दुसरा दिवस : थडग्यांच्या गल्ल्या

रोमन कायद्याने शहराच्या हद्दीत मृतांना पुरायला किंवा जाळायला मनाई होती. त्यामुळे शहराबाहेर जाणाऱ्या प्रत्येक मोठ्या रस्त्याच्या कडेला थडगी. या भागात जमीन तुफा नावाच्या मऊ ज्वालामुखी खडकाची. कुदळीने सहज खणली जाते आणि हवा लागली की घट्ट होते. जागा महाग, दफन करायचे लोक गरीब, म्हणून खाली खणत गेले. एक मजला भरला की त्याच्याखाली दुसरा. खणणाऱ्यांचा वेगळा वर्गच होता, त्यांना ‘फोसोर’ म्हणत, आणि काही ठिकाणी त्यांची चित्रंही आहेत, हातात कुदळ, खांद्याशी दिवा.

कोणतं कॅटॅकोम्ब बघावं? एजंट तुम्हाला सान कालिस्तोला नेतील, कारण ते सर्वांत प्रसिद्ध आणि बसला सोयीचं. चार मजले, जवळजवळ वीस किलोमीटर बोळ, आणि तिसऱ्या शतकातल्या नऊ पोपांची समाधी. इथेच २५८ साली पोप दुसरे सिक्स्टस यांना पकडून मारलं. जोव्हान्नी बात्तिस्ता दे रोस्सी या पुरातत्त्वज्ञाने १८५४ मध्ये ती पोपांची खोली शोधून काढली. महत्त्व वादातीत आहे. पण एकच बघायचं असेल तर मी प्रिसिल्ला निवडेन. गर्दी कमी, गट लहान, आणि चित्रं कितीतरी सरस.

प्रिसिल्ला शहराच्या ईशान्येला व्हिया सालारिया या रस्त्यावर आहे. दार साध्या कॉन्व्हेंटचं वाटतं आणि तसं ते आहेच, बेनेडिक्टाइन नन्स तिथली व्यवस्था बघतात. सकाळी उघडण्याच्या आधी दहा मिनिटं पोहोचा. खाली वर्षभर साधारण पंधरा-सोळा अंश तापमान असतं, त्यामुळे जुलैतल्या उकाड्यातही खांद्यावर घ्यायला काहीतरी हवं. फोटोला बंदी आहे, फेरी अर्ध्या-पाऊण तासाची.

उतरल्यावर दोन्ही बाजूंच्या भिंतींत एकावर एक आडवे कप्पे दिसतील. प्रत्येकात एक माणूस. कापडात गुंडाळून ठेवायचे आणि तोंड विटांनी किंवा संगमरवराच्या फळीने चिणायचे. नावं कोरून घेणं परवडत नसे त्यांनी ओल्या चुन्यात नाणं, काचेचा तुकडा, दिवा, मुलाचं असेल तर बाहुली रोवून ठेवली, म्हणजे आपलं माणूस कोणत्या कप्प्यात ते कळावं. आकाराकडे नीट बघा. लहान कप्प्यांची संख्या बघून त्या काळी किती मुलं दगावत असतील याचा अंदाज येतो. कुणी सांगावंच लागत नाही.

मग एका खोलीत गाइड टॉर्च वर मारतो. छतावर मेंढरू खांद्यावर घेतलेला मेंढपाळ, आजूबाजूला मोर आणि इतर पक्षी. समोरच्या भिंतीवर डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई, दोन्ही हात पसरून प्रार्थना करणारी, डोळे वर लागलेले. तिच्या दोन्ही बाजूंना छोटे प्रसंग : एकात बहुधा तिचं लग्न, दुसऱ्यात मांडीवर मूल. तिसऱ्या शतकातलं हे चित्र. बाई कोण होती माहीत नाही, पण डोळे असे काढलेत की टॉर्च हलला की नजर हलल्यासारखी वाटते. दुसऱ्या एका जागी गिलाव्याच्या कोपऱ्यात हाताच्या पंजाएवढं चित्र आहे, मांडीवर बाळ घेतलेली आई आणि शेजारी ताऱ्याकडे बोट दाखवणारा पुरुष. मरिया आणि बाळ येशूचं हे जगातलं सर्वांत जुनं चित्र मानतात, साधारण २३० च्या सुमाराचं. ते छताच्या बाजूला असल्याने पटकन नजरेत येत नाही. गाइड दाखवेल तेव्हा पुढे व्हा, मागे राहिलात तर पुढच्याच्या डोक्यापलीकडे काही दिसत नाही.

चित्रांतली चिन्हं आधी पाठ असतील तर दुप्पट मजा येते. मासा, कारण ग्रीकमधल्या ‘मासा’ या शब्दाची अक्षरं ‘येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा’ या शब्दांची आद्याक्षरं होतात. जहाजाचा नांगर म्हणजे आशा. बायबलमधला योना आणि त्याला गिळणारा समुद्री प्राणी म्हणजे मेल्यावर पुन्हा उठणं. भट्टीत टाकूनही न जळालेले तिघे तरुण म्हणजे छळातून सुटका. आणि येशू दिसला तर बहुधा दाढी नसलेला तरुण पोरगा. लांब केस-दाढीचा येशू नंतरचा.

गाइडची साथ सोडून दोन पावलंही आडबोळात जाऊ नका. अँतोनियो बोसिओ, ज्याने कॅटॅकोम्बचा पहिला पद्धतशीर अभ्यास केला, तो स्वतः १५९३ मध्ये दोमितिल्लात वाट हरवून बसला होता. दिवे संपत आले होते तेव्हा कुठे बाहेर पडायची वाट सापडली.

प्रिसिल्लाहून व्हिया नोमेन्तानावरच्या सान्ता कोस्तान्झाला पायी अर्धा-पाऊण तास लागतो, किंवा बस-टॅक्सी. मधल्या वेळात जेवून घ्या, कारण दोन्ही जागा दुपारी बंद असतात. सान्ता कोस्तान्झा ही कॉन्स्टंटाइनच्या मुलीची, कोस्तान्तिनाची समाधी, चौथ्या शतकाच्या मध्यातली. गोल इमारत, बारा जोड्यांचे चोवीस खांब, भोवती प्रदक्षिणेसारखा मार्ग आणि त्याच्या छताला पांढऱ्या पार्श्वभूमीवर मोझेक. द्राक्षं तोडणारी पोरं, बैलगाडीतून ती आणणारे, पायांनी तुडवून रस काढणारे. यात ख्रिस्ती म्हणावं असं काहीही दिसत नाही, आणि म्हणूनच एके काळी लोक याला मद्यदेव बॅकसचं मंदिर समजत. एखादा नवा धर्म जुन्या चित्रभाषेत बोलायला लागतो तो क्षण इथे पकडता येतो. मला रोममधली ही सर्वांत आवडती वास्तू आहे आणि बहुतेक वेळा ती जवळजवळ रिकामी असते. एकच अडचण : शनिवारी लग्नं असतात. शेजारीच सान्ताग्नेसे चर्च आणि त्याच्या खाली आणखी एक कॅटॅकोम्ब आहे. परतायला मेट्रोचं सान्ताग्नेसे-आन्निबालियानो स्टेशन जवळ.

ज्यांच्याकडे आणखी अर्धा दिवस आहे त्यांनी व्हिया आप्पियावर सान सेबास्तियानो बघावं. ११८ क्रमांकाची बस जाते. तिथल्या एका भिंतीवर तिसऱ्या शतकातल्या भाविकांनी ओरखडलेल्या विनवण्या आहेत, त्यातली एक म्हणते, ‘पॉल आणि पीटर, व्हिक्टरसाठी विनंती करा’. लोक इथे मृतांच्या आठवणीत जेवायला जमायचे. रविवारी रस्ता गाड्यांना बंद असल्याने चालायला छान, पण सान सेबास्तियानो तेव्हा बंद आणि सान कालिस्तो उघडं. गटासोबत धर्मगुरू असतील तर सान कालिस्तोत आगाऊ सांगून मिस्सा (कॅथलिकांची सामूहिक उपासना) करता येतो. वसई किंवा गोव्याहून यात्रा काढणाऱ्यांनी हे आयोजकाला आधीच विचारावं. या रस्त्यावर खायची सोय कमी, डबा सोबत ठेवा.

तिसरा दिवस : वेदीच्या खाली, मग मोझेक

स्काव्हीची परवानगी मिळाली असेल तर दिवस तिच्याभोवती बांधा. आधी चौकातल्या इजिप्शियन स्तंभाकडे बघा. नीरोच्या काळी तो इथल्या शर्यतीच्या मैदानात उभा होता. आजच्या जागी तो १५८६ मध्ये हलवला. त्याची मूळ जागा चर्चच्या डाव्या बाजूला जमिनीत खूण करून दाखवली आहे आणि स्काव्हीला जाताना ती वाटेतच लागते.

खाली काय आहे? रोमन श्रीमंतांच्या थडग्यांची एक गल्ली, घरांसारखी दारं, उंबरे, भिंतींवर चित्रं. बहुतेक सगळी बिगरख्रिस्ती कुटुंबं. एका छोट्या थडग्याच्या छताला मात्र सोनेरी मोझेकमध्ये सूर्यदेवासारखा रथावर उभा असलेला ख्रिस्त, डोक्याभोवती किरणं. गल्लीच्या टोकाला, थेट वरच्या मुख्य वेदीच्या खाली, साधारण १६० सालची एक छोटी कोनाड्यासारखी समाधी. पोप बारावे पायस यांच्या काळात, १९३९ पासून दहा वर्षं हे खणलं गेलं आणि १९६८ मध्ये पोप सहावे पॉल यांनी इथली हाडं येशूचा शिष्य संत पीटर याची असल्याचं जाहीर केलं. हाडांवर अभ्यासकांचं एकमत नाही. पण एक गोष्ट कुणालाही विचारात पाडेल : कॉन्स्टंटाइनने पहिलं चर्च बांधताना टेकडी कापली, उतारावर भराव घातला, वापरात असलेली थडगी बुजवली. शेजारी सपाट जमीन असताना हा उपद्व्याप कुणी विनाकारण करत नाही. ही जागाच संत पीटरची अशी त्या काळच्या लोकांची ठाम समजूत होती. खाली दमट आणि उबदार असतं, बंद जागेची भीती वाटणाऱ्यांनी दोनदा विचार करावा.

परवानगी नाही मिळाली तर हळहळू नका. व्हॅटिकन संग्रहालयात पियो क्रिस्तियानो नावाचा विभाग आहे, सुरुवातीच्या ख्रिस्ती दगडी शवपेट्यांचा. सगळे सिस्टीनकडे पळत असतात, इथे तुम्ही आणि पहारेकरी. योनाची अख्खी गोष्ट कोरलेली शवपेटी आणि खांद्यावर मेंढरू घेतलेला संगमरवरी तरुण मेंढपाळ, एवढं बघितलं तरी कालच्या कॅटॅकोम्बमधली चित्रं दगडात आल्यासारखी वाटतात. जुनियस बासुस या रोमन अधिकाऱ्याची ३५९ सालची शवपेटी मात्र सेंट पीटर्सच्या खजिना-संग्रहालयात आहे, त्याचं तिकीट वेगळं.

दुपारनंतर मोझेक आणि जुनी चर्चेस. इथे कार्ल्याचं लेणं आठवा : मधला लांब भाग, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, शेवटी अर्धगोल. सान्ता साबीनात शिरलात की तीच मांडणी समोर येते. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. रोमन लोकांनी हा आराखडा त्यांच्या न्यायालयांच्या आणि व्यवहाराच्या सभागृहांवरून घेतला. पण कार्ले पाहिलेल्याला नजर कुठे न्यायची ते शिकवावं लागत नाही. सान्ता साबीना ४२२ ते ४३२ मध्ये बांधलं गेलं. त्याचं लाकडी दार त्याच शतकातलं आहे, सरूच्या लाकडाचं, मूळच्या अठ्ठावीस चौकटींपैकी अठरा शिल्लक. सर्वांत वर डावीकडच्या छोट्या चौकटीत येशू आणि त्याच्यासोबत क्रुसावर दिलेले दोघे हात पसरून उभे, मागे नुसती भिंत, क्रूस जेमतेम सुचवलेला. पहिल्या दिवशी पाहिलेल्या गाढवाच्या डोक्यापासून इथे यायला दोनशेहून जास्त वर्षं लागली.

सान्ता पुदेन्झियानाला रस्त्यावरून पायऱ्या उतरून जावं लागतं. घुमटीतलं मोझेक ४०० च्या आसपासचं, रोममधल्या चर्चेसच्या घुमटींतलं सर्वांत जुन्यांपैकी. येशू सम्राटासारखा सिंहासनावर, प्रेषित, म्हणजे त्याचे पट्टशिष्य, रोमन सरदारांसारखे अंगरखे घालून. कडेचे प्रेषित अर्धवट कापलेले दिसतील, सोळाव्या शतकातल्या दुरुस्तीचा प्रताप. तिथून जवळच सान्ता मारिया माज्जोरे, जिथल्या मधल्या भागाच्या भिंतींवर पाचव्या शतकातली मोझेक आहेत. २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस यांना इथे पुरलं तेव्हापासून रांग वाढली आहे. मोझेक फार उंचावर आहेत, दुर्बीण असल्याशिवाय इथे नुसते रंगाचे ठिपके दिसतात. सेंट पॉलचं तटबंदीबाहेरचं चर्च १८२३ च्या आगीनंतर नव्याने बांधलेलं, तिथे वेदीखालच्या जाळीतून दिसणारी दगडी शवपेटी तेवढी बघायची.

वागायचं कसं, सोबत काय

खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, स्त्री-पुरुष दोघांचेही. ओढणी किंवा पातळ शाल सोबत असली की प्रश्न मिटतो. मिस्सा चालू असेल तर मागच्या बाकावर बसून राहायला कुणाची हरकत नसते, पण हिंडायचं नाही. आणि धर्मगुरू भाकरी वाटतात तेव्हा आपल्या सवयीप्रमाणे प्रसाद समजून रांगेत उभं राहू नका, ते फक्त कॅथलिकांसाठी असतं.

खिशात एक आणि दोन युरोची, पन्नास सेंटची सुटी नाणी ठेवा. बऱ्याच चर्चमध्ये पेटीत नाणं टाकलं की मोझेकवर दोन मिनिटं दिवा लागतो. तुम्ही टाकलंत की आजूबाजूचे दहा जण फुकट बघतात, पुढच्या वेळी तुम्ही त्यांच्या नाण्यावर बघा. पाण्याची बाटली रस्त्यावरच्या नळांवर भरून घ्या, ते पिण्याचंच पाणी असतं. चपला नकोत, तळ घट्ट असलेले बूट हवेत, रोमच्या दगडी फरशीवर घोटा मुरगळायला वेळ लागत नाही.

आईवडील सोबत असतील तर कॅटॅकोम्बचे जिने आधीच सांगा. उतरायला काही नाही, चढताना गुडघे बोलतात, आणि मध्ये बसायला जागा नसते. त्यांच्यासाठी सान्ता कोस्तान्झा, सान्ता साबीना आणि पियो क्रिस्तियानो ही तीन ठिकाणं जमिनीवरची आणि निवांत.

एकच दिवस असेल तर : सकाळी प्रिसिल्ला, तिथून मध्यवर्ती भागात येऊन जेवण, दुपार उघडताच सान्ता पुदेन्झियाना, आणि तिथून चालत सान क्लेमेंते. सान क्लेमेंतेचं तिकीट बंद व्हायच्या अर्धा तास आधीच थांबतं, त्यामुळे चारपर्यंत पोहोचा. तो एक दिवस बुधवार असेल तरी चालेल. बुधवारी सकाळी पोपची सार्वजनिक भेट असते, सेंट पीटर्सचा परिसर माणसांनी भरून जातो, आणि सान कालिस्तोलाही सुट्टी. प्रिसिल्ला मात्र उघडं असतं.